आईच्या खोलीला दुसरा गवंडी

३ फेब्रुवारी
गवंड्याला काढून टाकलं. चर खणला, तळाला काँक्रीट ओतलं आणि म्हणाला, आता दोन दिवस हात लावायचा नाही, क्युअरिंग होऊ दे. आळसाला इतकं भारदस्त नाव ऑफिसातही कोणी दिलेलं नाही. त्याला सांगितलं, दुसरा चांगला गवंडी मिळालाय. म्हणजे मी.
पायाची भिंत म्हणजे काय? ब्लॉकवर ब्लॉक, मध्ये सिमेंटचा माल. तीन व्हिडिओ पाहिले. चौथ्याची गरज वाटली नाही. पंधरा दिवस रजा टाकली. गुडघ्यांमुळे आई आठ महिने वरच्या मजल्यावर अडकून आहे. महिनाअखेर तू खालच्या नव्या खोलीत, असा तिला शब्द दिलाय.

४ फेब्रुवारी
सगळे ब्लॉक पाण्याच्या पिंपात बुडवले. बांधण्याआधी विटा भिजवतात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आई गॅलरीतून म्हणाली, विटा वेगळ्या, ब्लॉक कोरडेच लावतात. आईने बाबांच्या हाताखाली तीस वर्षं बांधकामांवर घमेली वाहिली. घमेली वाहणं वेगळं, इंजिनिअरिंग वेगळं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय.

६ फेब्रुवारी
रस्त्याकडच्या भिंतीचा पहिला थर. माल पातळ कालवला. आपोआप पसरतो, थापीचे कष्ट वाचतात. गवंड्यांना हे कसं सुचत नाही?
ब्लॉक सरळ रेषेत यावेत म्हणून दोरी. एक टोक नळाला, दुसरं बायकोच्या स्कूटरला. खुंट्या ठोकत बसणाऱ्यांची कीव येते.

७ फेब्रुवारी
सकाळी बायको दोरी न सोडताच कामावर निघाली. नळ थोडक्यात वाचला. स्कूटर परत येईपर्यंत काम ठप्प.
संध्याकाळी दुसरा थर. स्कूटर आज जरा सावलीकडे लावली होती. तेवढ्याने काय होतं.

८ फेब्रुवारी
तिसरा थर. स्कूटर आणखी थोडी सावलीकडे. आई म्हणाली, भिंतीने पोट काढलंय, ओळंबा लावून बघ. ओळंबा म्हणजे दोरीला लटकवलेलं वजन. या काळात. बायकोचं म्हणणं, आईंना त्यातलं कळतं. दोघी एका बाजूला आहेत, म्हणजे माझंच बरोबर असणार.

९ फेब्रुवारी
चौथा थर. ब्लॉक मालावरून घसरतात. हल्ली माल बरा येत नाही बाजारात.
तरी भिंत उभी आहे. लांबून फार छान दिसते.

११ फेब्रुवारी
आई खाली आली. एकोणीस पायऱ्या, बसत बसत, अर्धा तास लागला. मला वाटलं, पाठ थोपटायला येते आहे.
तिने काठीचं टोक कोपऱ्यावर टेकवलं. ढकललं नाही, मी बघत होतो. वरचे तीन ब्लॉक चरात गेले. मग तिने नळापासून स्कूटरपर्यंत नजर टाकली आणि म्हणाली, तुझी भिंत सुनेच्या मागे कामाला निघाली होती. हसली नाही.
वर जायला पाऊण तास लागला. प्रत्येक पायरीवर थांबत होती. मी मागून चाललो होतो. फार वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण उद्या मी ब्लॉकवाल्याला दोष देत असेन.

१२ फेब्रुवारी
ब्लॉकवाल्याला फोन केला. त्याने ठेवून दिला.

१४ फेब्रुवारी
गवंडी परत आला. मी बोलावलं नाही, आईने बोलावलं. चारही थर उतरवले, कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या, ओळंबा काढला. माझ्याकडे घमेली.
दुपारी त्याने मान वर करून आईला विचारलं, तो दुसरा चांगला गवंडी कोण होता?
आई म्हणाली, होता एक. काढून टाकला.
गवंडी माझ्याकडे बघत राहिला. मी घमेलं उचललं आणि म्हणालो, चांगली माणसं मिळतात कुठे हल्ली.