डाव्या पायाचं माप

९ जाने. ८७, शुक्र.
सुट्टी असून दुकान उघडावं लागलं. क्लबचा मॅनेजर बू खालिद नवीन खेळाडूला घेऊन आला. बास्केटबॉलवाला. बेल्जियमचा, नाव यान. अमेरिकेत कॉलेजकडून खेळला, पगारावर खेळायची ही पहिलीच जागा. छातीचं माप घ्यायला मला स्टुलावर चढावं लागलं. एवढा मोठा, पण मिशी अजून नीट फुटलेली नाही.
बू खालिद गाडी हलवायला बाहेर गेला. पोरगा सगळा भार उजव्या पायावर टाकून उभा. मला राहवलं नाही, दोन्ही मांड्यांना टेप लावली. डावी दीड इंच बारीक. त्याने टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी "ओके, ओके" म्हटलं.
काहीतरी लपवतोय.

१० जाने.
खोलीवर इब्राहिमभाईंना विचारलं. रत्नागिरीचे, क्लबची व्हॅन तेच चालवतात. म्हणाले, "काय उडतो रे तो! तुला मेल्या सगळ्यात खोटच दिसते."
दिसते खरी. मुंबईच्या एजंटने एसी शोरूमचा फोटो दाखवला होता. इथे आखातात उतरल्यावर मीना सलमान बंदरातल्या शेडमध्ये दोन वर्षं ताडपत्र्या शिवल्या. दुधाने तोंड पोळलंय, मी ताक फुंकूनच पिणार.

१४ जाने.
यान एकटाच आला. हाफ पँट गुडघ्यापर्यंत हवी म्हणे. बाकी सगळ्यांच्या मांडीवर, आखूड. "नवीन फॅशन." मी म्हटलं, मफी फॅशन, फॅशनबिशन काही नाही. तो हसला नाही. दार लोटलं आणि सांगितलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग गावच्या क्लबने घेतलं नाही. आता फेब्रुवारीत त्यांचा माणूस इथे मॅच बघायला येणार. तोवर इथे टिकला, त्यांच्यासमोर खेळला, तर घरच्या टीममध्ये जागा. नाहीतर खेळ कायमचा संपला. इथल्या कोणाला गुडघ्याचं सांगितलेलं नाही.
गोष्ट चांगली रचलीय असं वाटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हाही तसंच वाटलं.

१७ जाने.
पँट्स दिल्या. लांब. डावीकडे आतून जाडसर अस्तर, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या भरतात. त्याने सांगितलं नव्हतं. कोटवाल्याचा एक खांदा उतरलेला असला की आम्ही गुपचूप पॅड घालतो, त्याचं त्यालाही सांगत नाही. तसंच हे. विश्वास ठेवला असं नाही.

२३ जाने., शुक्र.
इ.भाईंनी ओढून मॅचला नेलं. उडी मारून खाली येताना यान दरवेळी उजव्यावरच उतरतो. एवढ्या गर्दीत कोणाला दिसलं नाही. मी बॉल पाहिलाच नाही, पायच बघत बसलो. जिंकले. फार बरं वाटलं. मग स्वतःचाच राग आला, आपला कोण लागतो तो?

२ फेब्रु.
बू खालिद चहा घेऊन आला. माझ्यासाठी! तेव्हाच ओळखलं.
"वसंत, माप तुमने लिया. दोनो पैर सेम सेम?"
"अरबाब, टेलर एक ही पैर नापता है. दो कौन नापेगा?"
आता यात खोटं काय? सगळे एकच मोजतात. तो हसला, पाठीवर थाप मारली. चहा मात्र अर्धा ठेवून गेला.
याला सांगितलं कोणी?

३ फेब्रु.
यान दारातूनच ओरडला, बू खालिद पायाचं विचारतोय, तू सांगितलंस, तुला एकट्यालाच माहीत होतं. नाही म्हटलं. पटेना. ज्याच्यासाठी शब्द फिरवले तोच माझ्यावर उखडला. म्हटलं, चालता हो.
जेवताना इ.भाईंना सांगितलं तर आधी चिडवून घेतलं, "सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा..." मग भाकरी तोडता तोडता, "अरे, मीच बोललो असेन. व्हॅन सारखी हमद टाउनला कशाला जाते, बू खालिद विचारत होता. म्हटलं, पोरगा तिथे गुडघ्याला मालिश करून घेतो. त्यात काय झालं?"
काय झालं! ताट सरकवून उठलो.

११ फेब्रु.
बू खालिदची ऑर्डर. एकच जर्सी, नंबर अकरा. अकरा यानचा. छाती मात्र कितीतरी रुंद सांगितली. "नया आदमी. बुधवार को चाहिए. बात नहीं करना, खलास."
बेल्जियमचा माणूस २० ला, शुक्रवारच्या मॅचला येणार. म्हणजे त्याच्या आधीच यानला काढणार.
दुकान बू खालिदच्या मेव्हण्याचं. माझा व्हिसा एप्रिलमध्ये संपतो. बोललो तर यानच्या आधी मीच विमानात. पोरींच्या शाळेचं काय मग...

१५ फेब्रु.
बोललो नाही कोणाशी. जर्सी शिवली आणि काचेत टांगली, नंबर रस्त्याकडे. तयार कपडा काचेत टांगायचा असतोच.
संध्याकाळी व्हॅन थांबली. यान आत आला, जर्सी काढून छातीला लावली. सैल. तशीच धरून विचारलं,
"कधी न्यायची आहे?"
"बुधवारी."
तोंड उतरलं बिचाऱ्याचं. मी म्हटलं, शिंप्याचा बुधवार म्हणजे शनिवार, इंशाल्ला. जर्सीशिवाय नवा माणूस उतरत नाही. शुक्रवारी तूच खेळशील.
तो "सॉरी" म्हणाला. मी टेप गुंडाळत बसलो. वर बघवेना.

१८ फेब्रु., बुध.
जर्सीचा नंबर उसवून ठेवला, मशीन खोलून टेबलावर मांडलं. बू खालिदने एकेक भाग निरखून पाहिला.
"मशीन खराब, या तुम खराब?"
मी तेल घालत राहिलो. जाताना तो म्हणाला, "शुक्रवार मैं खुद आयेगा. बैठेगा."

२० फेब्रु., शुक्र.
बू खालिद दुपारीच आला, नव्या खेळाडूला घेऊन. हाही पोरगाच, कुठल्याशा कॉलेजातून नुकताच सुटलेला. मला हळूच विचारतो, क्लब चांगला आहे ना? माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
जर्सी त्याला काखेत ढगळ झाली. यात माझी लबाडी नाही, माप बू खालिदनेच अंदाजाने दिलं होतं.
मॅच पाचला, आता साडेचार. बेल्जियमचा माणूस आलाय. यानला इ.भाईंनी हॉलवर सोडलं, जाताना दुकानासमोर दोनदा हॉर्न दिला.
बू खालिद समोर खुर्ची ओढून बसलाय. मशीन आज ठीक आहे, त्याने स्वतः चाक फिरवून पाहिलं. माप लिहितोय असं दाखवून हे लिहितोय, मराठी कुठे वाचता येतंय त्याला. काम फार तर अर्ध्या तासाचं. दोन्ही बाजू उसवल्यात. एकीलाही अजून टाका घातलेला नाही.
व्हिसाची आठवण होतेय सारखी.
तो विचारतोय, "खलास?"
"दो मिनिट, अरबाब."