डोळ्यांच्या मापाची गाडी

कूराविना
१२ मे

ती. दादास,
साष्टांग नमस्कार, आणि नमस्काराच्या आडून एक काम.

मार्चात क्वीन्सलँडात पडलेला पाऊस अजून चालतोच आहे. आमच्या नद्या म्हणजे एरवी वाळूचे पट्टे. त्यांतून तो पावलापावलाने खाली आला आणि परवा मिठाच्या कोरड्या सरोवरात उतरला. आमच्या डोक्यावर थेंब नाही, आभाळ कोरडं ठणठणीत, आणि पलीकडे समुद्र तयार होतो आहे. दुकानात लोक देवळातल्यासारखे हळू बोलू लागलेत. पबमध्येसुद्धा.

सासूबाई ज्या घरात जन्मल्या, ते त्या सरोवराच्या काठावर होतं. आता चार भिंतींचे दगड उरलेत. नऊ वर्षांच्या असताना त्यांनी त्यात पाणी पाहिलं, ते एकदाच. त्यानंतर ते पुन्हा काठोकाठ भरलं त्या आठवड्यात त्या इस्पितळात होत्या, कारण माझ्या नवऱ्याने जन्मायला तोच मुहूर्त धरला. ग्रॅमला हे वर्षातून दोनदा ऐकवलं जातं, वाढदिवशी आणि नाताळात. आता त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत. नजरेचा मधला भाग गेला, कडा तेवढ्या शिल्लक आहेत. माणूस ओळखायचा तर त्याच्या कानाशेजारच्या हवेकडे बघतात. डॉक्टर म्हणाला, थंडी सरेपर्यंत कडाही टिकणार नाहीत. विमानातून दाखवतो म्हटलं तर म्हणाल्या, पोरी, ताटातलं जेवण मला गच्चीवरून दाखवतेस का?

तेव्हा जायचं ते जमिनीवरून, वाळूच्या टेकड्या ओलांडून. आणि आमची जुनी गाडी फेब्रुवारीतच वारली. नवी घ्यायची तर ग्रॅम आणि त्याचा धाकटा भाऊ लिंडसे यांचं एकमत हवं, कारण कुंपणं घालायचा धंदा दोघांचा आणि गाडीही दोघांची. एकमत म्हणजे काय, हे त्या घराण्याला अद्याप कुणी शिकवलेलं नाही. दोन्ही गाड्या जपानहून येतात, दोन्ही खोलीएवढ्या, दोन्हींच्या चारही चाकांना जोर. तरी गावात शैव आणि वैष्णव आहेत. नावं लिहीत नाही, पत्र गावच्या पोस्टातून जातं. ग्रॅमच्या वडिलांच्या पंथाची ती पांढरी म्हणू, आणि लिंडसे ज्या पंथात बाटला ती हिरवी. सहा आठवडे वाद चालला आहे. तेवढ्यात पाणी क्वीन्सलँडहून चालत आलं, हे दोघे स्वयंपाकघराच्या टेबलावरून उठले नाहीत.

दोघांना मान्य होईल असा तटस्थ पंच हवा. गाड्यांतलं ज्याला काहीच कळत नाही, असा एकच माणूस दोघांना आठवला. अॅडलेडमध्ये दोन्ही दुकानं तुझ्या दातांच्या दवाखान्याजवळ आहेत. बघून ये. सरोवर फार दिवस थांबत नाही, आणि सासूबाईंची नजरही.

तुझा लोभ आहे हे गृहीत धरलं आहे, शनिवारही धरला आहे.
अरुंधती


अॅडलेड
२१ मे

चि. अरूस,
अनेक आशीर्वाद, त्यातला एक गाड्यांच्या अज्ञानाबद्दल.

शनिवारी दोन्हीकडे गेलो. पांढऱ्या दुकानातला विक्रेता उमदा होता. ती किती टन ओढते, किती खोल पाण्यातून जाते, सगळं त्याला पाठ. मी त्याला विचारलं की मागच्या सीटवर बसलेल्या म्हाताऱ्या बाईला कडेने काय दिसतं. त्याने पत्रक उलटंपालटं केलं. तेव्हा मीच चढून बसलो, दोन्ही मुठी डोळ्यांसमोर धरून मधलं जग झाकलं आणि मान तिरकी केली. तो थोडा मागे सरकला. गेली बत्तीस वर्षं माझ्या खुर्चीत बसणारी माणसं असंच तोंड करतात, त्यामुळे मला परकं वाटलं नाही.

हिरवीतही तसाच बसलो. आसन त्या गाडीचं अधिक गुबगुबीत, खरं सांगायचं तर मला तिथे डुलकी आली असती. पण तिच्या मागच्या दाराची काच उंचावर सुरू होते. तुझ्या सासूबाई, मेव्हिसबाई, माझ्या खांद्याला लागतात. मी तेवढा खाली सरकून पाहिलं, तर नुसतं आभाळ. पांढरीची काच खाली कोपरापर्यंत उतरते, आणि चढताना धरायला दाराशेजारी मूठ आहे. जमीन कडेने वाहताना दिसते. टनांचं मला ठाऊक नाही. माझा कौल पांढरीला.

एक सांगतो, हसू नकोस. मुठी धरून बसलो होतो तेव्हा रस्त्यावरचं एक साधं निलगिरीचं झाड कडेने असं आत आलं, जणू कुणी दार लोटून यावं. समोर बघणाऱ्याला झाड नुसतं उभं असतं. त्या बाई रोज असं जग बघत असतील, तर त्यांना पाणी दाखवायलाच हवं.

लोभ कमी करू नये, लिंडसेने केला तरी.
दादा


कूराविना
२ जून

ती. दादास,
दंडवत. पंचाने निवाडा दिला आणि एका पक्षाने पंचायत सोडली.

तुझं पत्र मी टेबलावर इंग्रजी करत मोठ्याने वाचून दाखवलं. मुठींच्या भागाला सासूबाईंनी पुन्हा वाच म्हणून सांगितलं, आणि मग बराच वेळ चहा ढवळत राहिल्या. ग्रॅम विजयी मुद्रेने छताकडे बघत होता, तीच चूक झाली. लिंडसे उठला. म्हणाला की बाप मेला तरी या घरात गाडी बापच निवडतो, आणि दाताच्या डॉक्टरने काचा मोजून गाडी घ्यायची तर पुढच्या वेळी न्हाव्याला विचारा. गाडी घ्या, म्हणे, मी येत नाही.

आता हे तुला शहरात कळायचं नाही. वाळूत एकटी गाडी कुणी नेत नाही. दोन लागतात, एक रुतली तर दुसरीने ओढायची. हा कायदा नाही, त्याहून जुनं काहीतरी आहे. दुसरी गाडी लिंडसेची स्वतःची जुनी हिरवी, दुसरी कुणाची मोकळी नाही. गावातले इतर सगळे एक तर सरोवरावर आहेत किंवा तिथून परतून चिखल खरवडताहेत. लिंडसे आला नाही, तर जाणं नाही.

पांढरी शुक्रवारी आली. अंगणात उभी आहे. सासूबाई रोज सकाळी मागे जाऊन बसतात, काचेला गाल लावून. विचारलं तर म्हणतात, सराव करते आहे.

काल त्यांनी मला दोनदा जवळ बोलावलं, मी जवळच होते.

लोभाची गरज आहे.
अरू


अॅडलेड
९ जून

चि. अरूस,
आशीर्वाद.

चिंता सोड. लिंडसेला वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात लिहिलं, तुझी अडचण समजली, राग धरू नये. दुसरी गाडी मी भाड्याने घेऊन येतो आणि तुझ्या आईच्या मागून वाळूत मीच चालवतो. टेकडीवर कुठला गिअर लावायचा तेवढं उलट टपाली कळवावं, आणि वाळूत हॉर्न वाजवायची पद्धत आहे का, तेही.

लोभ ठेव, आणि त्या पोराचं तोंड कसं झालं ते कळव.
दादा


कूराविना
२४ जून

ती. दादास,
कृतज्ञ नमस्कार.

तुझं पत्र टपालाच्या ट्रकवरून दुपारी उतरलं आणि संध्याकाळी लिंडसे दारात. नमस्कार नाही, टोपी काढली नाही. एवढंच म्हणाला की त्या माणसाला अॅडलेडमध्येच थांबायला सांगा, देवाशपथ, आईच्या मागून मी जातो.

गुरुवारी निघालो. पुढे पांढरी, मागे हिरवी, डब्यात लॅमिंग्टन केक आणि खारवलेल्या मांसाचे सँडविच. वाळू सुरू झाली तिथे दोघे भाऊ उतरले. इथे सगळेच टायरमधली हवा काढतात, म्हणजे चाक पसरट होऊन वाळूवर तरंगतं. पण दोघे एकमेकांकडे बघत बघत काढत होते. जास्त हवा काढणाऱ्याचा गाडीवर विश्वास कमी, अशी या दोघांची समजूत. लिंडसे थांबला की ग्रॅम त्याच्याआधीच थांबल्याचं दाखवी.

तिसऱ्या टेकडीच्या माथ्याशी पांढरी पोटापर्यंत बसली. ग्रॅमने तिला आणखी खोल घातलं, मग उतरून चाकांभोवती फिरला, मग पुन्हा फिरला. सासूबाईंनी काच खाली केली. अगदी शांतपणे म्हणाल्या की बाळा, तुझ्यापायी एकदा हुकलं. दुसऱ्यांदा हुकवायचं असेल तर असाच फिर.

दोन पन्नाशीतली माणसं वाळूत गुडघ्यांवर बसली आणि चाकांतली आणखी हवा सोडू लागली, शेजारी शेजारी. मग हिरवीने पट्टा लावून पांढरीला ओढलं. ती एका दमात वर आली. लिंडसे एक अक्षर बोलला नाही. ग्रॅमला ते फार लागलं, बोलला असता तर बरं झालं असतं. पण पुढच्या टेकडीआधी ग्रॅमने स्वतःच हाताने खूण केली की तू पुढे हो. पांढरी हिरवीच्या चाकोरीतून गेली.

आणि मग टेकड्या संपल्या.

दादा, कसं सांगू. बाबांनी आपल्याकडून पाण्याचे किती संस्कृत शब्द घोकून घेतले होते, वाईच्या त्या ओसरीवर. त्या दिवशी एकही उपयोगी पडला नाही. मिठाची जमीन संपते तिथे गुलाबी सुरू होतं, गुलाबीचं रुपेरी होतं आणि मग काहीच होत नाही, नुसतं राहतं. वारा नव्हता. हजारो पेलिकन बसले होते. समुद्र शेकडो मैल दूर, इथे पाणी आलंय हे त्यांना कुणी सांगितलं, कुणालाच ठाऊक नाही. ते खाली बसलेत की वर, कळत नव्हतं, कारण त्यांच्याखाली ढग होते. लिंडसेने टोपी काढली. मग ग्रॅमने.

सासूबाईंनी बूट मोजे काढून माझ्या हातात दिले. एका बाजूला ग्रॅम, एका बाजूला लिंडसे. घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या आणि पाखरासारखी मान तिरकी करून कडेने बघू लागल्या, आधी डावीकडून, मग उजवीकडून. बराच वेळ. मग जरा घाबरल्या आवाजात म्हणाल्या की पाणी दिसतंय मला, आभाळही दिसतंय, पण मधली रेघ गेली. माझ्या डोळ्यांची आज तीही गेली का?

ग्रॅमने बघितलं. लिंडसेने बघितलं. मी डोळ्यांवर हात धरून बघितलं. सासूबाईंना सांगितलं की आई, रेघ नाहीच आहे. आमच्यातल्या कुणालाच दिसत नाही.

त्यांनी दोघांचे दंड सोडले. म्हणाल्या, मग आज आपण सगळे सारखेच. आणि एकट्या चार पावलं पुढे गेल्या, त्या नसलेल्या रेघेकडे.

बूट अजून मिठाने पांढरे आहेत, धुवू देत नाहीत. लिंडसेचा तुला निरोप आहे, वाळूत हॉर्न वाजवत नाहीत.

आहे तेवढा लोभ पुरेसा आहे, तरी वाढला तर नको म्हणणार नाही.
तुझी
अरू