तिकिटावरचं अक्षर

होबार्ट, ९ जून १९९३

चि. लिंडसेस ताईचे अनेक आशीर्वाद.

मर्लमावशीची शेगडी गेले तीन आठवडे पेटलेली नाही. शेजारच्या एनिडबाईंनी काल फोनवर ही बातमी पक्की केली. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मावशीचं धुराडं समोरच दिसतं. मला मात्र मावशी सांगते, की धुराडं साफ करायला माणूस मिळत नाही. दर ईस्टरला तू ते साफ करतोस, हे ती विसरली की मी विसरले असं तिला वाटतं?

खरं कारण तुला ठाऊक आहे. आर्चकाका होते तोवर लाकूड रानातून यायचं. आता ते विकत घ्यावं लागतं, आणि तिच्या पेन्शनीत एक तर लाकूड बसतं नाहीतर औषधं. मी चेक पाठवला होता. चार दिवसांत तो परत आला, सोबत माझ्यासाठी लोकरीचे मोजे.

मे महिन्यात तिची छाती भरली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, की पुन्हा असं झालं तर तिला एकटीला राहू देणार नाही, इकडे वृद्धाश्रमात आणावं लागेल. त्या घरातून तिला उपटली तर ती जगायची नाही. तेव्हा जुलैची कडाक्याची थंडी पडायच्या आत तिच्या फाटकातून लाकूड आत गेलंच पाहिजे. कसं ते तू बघ, गावात तू आहेस.

रेलीनला आणि मुलांना माझी आठवण सांग. लोभ आहेच, त्याला फुंकर घालत जा.

तुझी,
कोरलीताई

---

बॉथवेल, १४ जून

ति. कोरलीताईस लिंडसेचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र म्हणजे हुकूमच. पण गेल्या वर्षी काय झालं ते ऐक. मी अर्धा टन लाकूड तिच्या फाटकाशी टाकून पळालो होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं माझ्या अंगणात, रचून ठेवलेलं. एकोणऐंशी वर्षांची बाई, एकचाकी ढकलगाडी आणि मधला तो चढ. किती खेपा घातल्या असतील, तूच हिशेब कर. मला विचारायचा धीर झाला नाही.

फुकटचं ती घेत नाही, पण जिंकलेलं घेते. नाताळात जिंकलेला हॅम आठवतो ना, महिनाभर मिरवत होती. आमच्या फुटबॉल क्लबची हिवाळी सोडत २६ तारखेला आहे. बक्षीस दोन टन लाकूड, फोडलेलं, खडखडीत वाळलेलं. एकशेचाळीस तिकिटं आहेत. ज्याला मिळावं त्याचं नाव तिकिटामागे लिहायचं. मी वीस तिकिटं घेतली आणि वीसच्या वीसांवर तिचं नाव घातलं.

अडचण एकच. एकतीस वर्षं तिने इथलं पोस्ट सांभाळलं. गावातलं कुठलंही अक्षर ती हातभर अंतरावरून ओळखते. म्हणून सगळी नावं डाव्या हाताने लिहिली. दोन दिवस लागले. रेलीनच्या मते पहिलीतलं पोर बरं लिहितं.

सातांत एक संधी म्हणजे फार नाही. नाही जमलं तर दुसरं काहीतरी काढीन, पण सोडणार नाही. रेलीनखेरीज कुणालाही सांगितलेलं नाही, आणि तिला शपथ घातली आहे. तिच्या पोटात गोष्ट किती राहते ते तू जाणतेसच.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
लिंडसे

---

बॉथवेल, २८ जून

चि. कोरली आणि चि. लिंडसे यांस मावशीचे आशीर्वाद. दोघांना मिळून हे एकच पत्र. लिंडसेने वाचून पुढे धाडावं, टपाल महाग झालं आहे.

शनिवारी सोडतीत माझं नाव निघालं. चिटणीसबाईंनी तिकीट हातात दिलं आणि बघताक्षणी मला कळलं. लिंडसे, डाव्या हाताने लिहिलंस तरी आडनावाखाली ओळ मारायची तुझी खोड जात नाही. आपली रीत आहे, ज्याला गरज नाही त्याने जिंकलेलं तिकीट परत टाकायचं, म्हणजे दुसरं काढता येतं. मी उभी राहिले आणि परत टाका म्हटलं.

त्यांनी पुन्हा काढलं. पुन्हा मीच. पण हे अक्षर तुझं नव्हतं. ते खाटकाचं होतं, तो पेन्सिल इतकी दाबतो की कागद फाटतो. मी परत टाका म्हटलं. तिसरं निघालं ते शाळेतल्या बाईंचं, त्यावरही मीच. तेव्हा मी सरळ पुढे गेले आणि तिकिटं ठेवलेली दुधाची कॅन चहाच्या टेबलावर उपडी केली. पूर्वी टपाल लावायचे तशी एकेका हाताच्या अक्षराची वेगळी गड्डी लावली. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. रेलीन चहाच्या किटलीमागे होती.

एकशेचाळीसांपैकी एकशेएकोणचाळीस तिकिटांवर माझं नाव. हात अडतीस. त्यांत व्हर्न नेटलफोल्डही, जो कुंपणाच्या भांडणावरून आर्चशी अकरा वर्षं बोलला नव्हता. एनिडचंही एक होतं.

उरलेलं एक माझं. त्यावर मी एनिडचं नाव घातलं होतं. ती तुम्हाला माझ्या धुराड्याच्या बातम्या देते, पण तिचं स्वतःचं फक्त रविवारी धूर सोडतं, हे तिने सांगितलं का? ती माझं बघते, मी तिचं बघते.

मी चांगलं खडसावायचं ठरवून उठले होते. पण एकाचं लाकूड ढकलगाडीवर घालून परत करता येतं. अख्ख्या गावाचं कुठे नेऊन टाकू? मी घेते म्हटलं आणि खाली बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे बरं केलं.

मात्र माझ्या अटीवर. दोन घरांत दोन अर्धपोटी शेगड्या पेटवण्यापेक्षा एक पोटभर पेटवायची. एनिड रोज सकाळी येईल आणि दिवेलागणीला जाईल. तिला बजावलं आहे, विणकाम आणायचं आणि नवऱ्याच्या शस्त्रक्रियेची गोष्ट एकदाच सांगायची.

लिंडसे, गुरुवारी लाकूड घेऊन येशील तेव्हा धुराड्याचा ब्रशही आण. ईस्टरला साफ केलंस, माहीत आहे. तरीपण मी कोरलीला जे सांगितलं ते थोडं तरी खरं होऊ दे.

तुमच्यावर राग नाही. माया होती तिथेच आहे, रचून ठेवलेली.

तुमची,
मर्लमावशी

ता. क. कोरली, गुरुवारी दहा वाजता धूर निघेल. खात्री करायला एनिडच्या घरी फोन करू नकोस. कुणी उचलणार नाही. ती माझ्याकडे असेल.