मधली कमान

घाटकोपर,
९ नोव्हेंबर १९८६

प्रिय सुगंधा,
अनेक आशीर्वाद.

आज पहाटे पुन्हा तोच आवाज कानात आला. खाडीच्या दोन्ही काठांवरून एकदम पडणारे लाकडी हातोड्यांचे घाव, आणि मधूनमधून कविता म्हणणारा तुझा चौदा वर्षांचा चिरका गळा.

मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात. तुझी नलिनीवहिनी गेल्यापासून डबा लावलाय. भाजीत मीठ कमी पडलं तरी सांगायला घरात कोणी नाही. तुझं मुलुंड काही लांब नाही, तरी अकरा वर्षं आपण भेटलो नाही.

किनारी रस्त्यावरच्या आपल्या पुलाला पन्नास वर्षं झाली, म्हणून समारंभ आहे. एक तरुण इंजिनियर माझ्या आठवणी लिहून घेऊन गेला. पत्रिका तुलाही येईल, पत्ता मीच दिला. ती हाती पडण्याआधी हे वाच. तीत छापलंय की, साचा काढताना कमानीचा आराखडा करणारा, म्हणजे मी, स्वतः खाली होडीत उभा होता.

काँक्रीटच्या कमानीखालचा लाकडी साचा पाचरींवर उभा असतो. त्या दोन्हीकडून एकाच वेळी ढिल्या करायच्या, नाहीतर कमान तडकते. म्हणून ठरलं होतं, मी होडीतून शाळेतली कविता म्हणायची, ओळ संपली की दोन्हीकडच्या सुतारांनी घाव घालायचा.

मधली कमान मी तेव्हाच्या इंजिनियर साहेबांच्या मापापेक्षा हातभर बसकी काढली होती. भरतीच्या पाण्यात प्रतिबिंब पडलं की उघड्या डोळ्यासारखी दिसावी, एवढ्यासाठी. आकडे पुन्हा तपासले नव्हते. ऐन वेळी होडी सोडून मी टेकडीवर पळालो. तू माझी भाकरी घेऊन आली होतीस. कविता तुला पाठ होती. चढलीस होडीत.

कमान पडू शकते हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. मला ठाऊक होतं.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या नंदूच्या लग्नात मी हीच फुशारकी मारत होतो. तू हसत म्हणालीस, "खाली तर मी होते रे." मी चार लोकांत म्हटलं, "थापा मारू नकोस."

थापा माझ्याच होत्या. समारंभात हे उभं राहून सांगणार आहे. तू शेजारी असतीस तर

दार वाजतंय. डबेवाल्याची ही वेळ नव्हे.

"भाऊ, पत्रिका मिळाली. उघडतोस, का आजही टेकडीवर पळालास?"

उठतो. हे तुझ्या हातातच देईन. तू वाचून संपवेपर्यंत समोर बसेन, कुठे जाणार नाही.

तुझा पळपुटा
भाऊ