दसऱ्यानंतरही न उतरलेले झाप

आये,

परवा मला नोटीस आली. कणकवलीत मी राहते त्या सोसायटीची, छापील कागदावर, खाली सेक्रेटरीची सही. गॅलरीला लावलेली हिरवी जाळी आठ दिवसांत काढावी, इमारतीचं रूप बिघडतं, असं तिच्यात आहे. जाळी मी कबुतरांसाठी लावली होती हे खरं, पण समोरच्या गॅलरीतून माझ्या ताटात डोकावणाऱ्या डोळ्यांसाठीही लावली होती, हे तुला सांगायला हरकत नाही. नोटीस वाचल्यावर माझ्या मनात जाळीचा विचार आलाच नाही. तक्रार कोणी केली असेल, एवढंच आलं. खालच्या मजल्यावरचे निवृत्त साहेब, जे जिन्यात माझी पिशवी धरतात? की शेजारची मुलगी, जी मला आजी म्हणते आणि वाटीभर खीर आणून देते? दोन दिवस मी दोघांच्या तोंडाकडे तुझ्या नजरेने बघत होते. कालची खीरसुद्धा खाण्याआधी हुंगून पाहिली. मग माझं मलाच हसू आलं आणि लगेच तुझी आठवण आली. म्हणून हे लिहायला बसले.

आपल्या वाडीच्या मंडळावर तू कधी भरवसा ठेवला नाहीस. मंडळ काही वाईट नव्हतं, हे मी आता म्हणू शकते, तेव्हा तुझ्यासमोर म्हणायची माझी छाती नव्हती. बाबांचा मचवा समुद्रातून परत आला नाही त्या वर्षी वादळाने आपल्या छपराचे नळे उडाले, तेव्हा मंडळाच्या माणसांनी आपापली घरं तशीच ठेवून आधी आपलं छप्पर नीट केलं. पुढेही दर वैशाखात पावसाआधी नळे परतायला ते यायचे, एकही वर्ष चुकले नाहीत. पण ते येणार म्हटलं की तू आदल्या दिवसापासून घर झाकायला लागायचीस. भांड्यांवर चादर, पेटीवर चादर, तांदळाच्या कणगीवर जुनं लुगडं. माणसं वर चढली की तू खाली उभी राहून त्यांच्या पायांकडे नाही, डोळ्यांकडे बघायचीस. गूळपाणी पिऊन ती गेली की मला म्हणायचीस, "जो छपरार चढलो, तेणा आतलां सगळां बघल्यान." मला तेव्हा कळायचं नाही की आपल्याकडे बघण्यासारखं आहे तरी काय.

नियम मात्र मंडळाने बरेच केले होते, आणि ते देवळाच्या सभामंडपातल्या फळीवर लावलेले असायचे. घराभोवतीचा दगडी गडगा छातीच्या वर जाता कामा नये. शेळी बांधूनच ठेवायची. पाहुणा तीन रात्रींपेक्षा जास्त राहिला तर कळवायचं. पावसाची झड अडवायला माडाच्या चुडतांचे विणलेले झाप घराला बांधायचे ते दसऱ्यापर्यंत, दसऱ्याला सगळ्यांनी उतरवायचे, म्हणजे साप-विंचवाला आडोसा राहत नाही. मला हा नियम आवडायचा. चार महिने अंधारलेली घरं एका दिवसात उघडायची, पडवीत ऊन यायचं आणि या घरातून त्या घरातलं माणूस दिसायचं. तुला नेमकं तेच नको असायचं.

मंडळाचे अध्यक्ष मुंबईला कचेरीत नोकरी करून आलेले. सगळी वाडी त्यांना आबा म्हणायची. रस्त्यात भेटले तर ते आपल्यासारखंच बोलायचे, पण सभामंडपात सतरंजीवर बसले की त्यांची भाषा एकदम पुस्तकी व्हायची. मी अकरा वर्षांची झाले त्या उन्हाळ्यात तू तिथे गेलीस. बायका आत बसत नसत, म्हणून पायरीखाली उभी राहिलीस, मी तुझ्या पदराला धरून. मागीलदारी संडास बांधायचा आहे, परवानगी द्या, म्हणालीस. कोणीतरी हसलं. आबा हसले नाहीत. ते म्हणाले, "आपल्या अर्जाचा पुढील बैठकीत विचार होईल." पुढच्या बैठकीनंतर निरोप आला की आपलं घर चढावर आहे, सार्वजनिक विहिरीच्या वरच्या अंगाला शौचकूप बांधता येणार नाही. निरोप आणणाऱ्याला तू गूळपाणी दिलंस. तो गेल्यावर गडग्यापलीकडच्या काकीला म्हणालीस, "ह्यांच्या बायलो खंय जातत तां ह्यांका ठावक नाय काय?"

पहाटे उजाडायच्या आत काजूच्या रानात जायचं, नाहीतर दिवसभर पोट धरून बसायचं, हे वाडीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. तुझं आयुष्य त्यात गेलं होतं, तुझी तक्रार नव्हती. पण आता मी मोठी होत होते आणि रानाच्या वाटेवर त्या वर्षी कोणीतरी शीळ घालत उभं राहायला लागलं होतं. काकी म्हणाली, "खणूया. मी येतंय." ती एवढंच बोलायची. तिचा नवरा गोव्याकडे जाणाऱ्या मचव्यावर होता, वर्षातून दोनदा घरी यायचा, आणि घरातलं जड काम तिला सवयीचं होतं. पुरुषमाणसं दुपारची जेवून आडवी झाली की तुम्ही दोघी पावसासाठी बांधलेल्या झापांच्या आड खणायचात. पिकाव तू मारायचीस, माती काकी उपसायची, मी टोपल्या भरून केळीच्या बुंध्यात ओतायचे. खाली जांभा दगड लागला तेव्हा तुम्ही दोघी खाली बसून हसलात, तोंडावर पदर दाबून, आवाज होऊ नये म्हणून. तुला तशी हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. वर माडाच्या खोडाच्या दोन फळ्या टाकल्या, राखेचं मडकं ठेवलं. तू माझी हनुवटी धरून म्हणालीस, "ह्यां कोणाक सांगूचां नाय."

दसरा आला. सगळ्या वाडीचे झाप उतरले, आपले मागीलदारचे तेवढे राहिले. दिवाळी झाली तरी राहिले. एकाने विचारलं, दुसऱ्याने विचारलं, तू म्हणालीस, सवड झाली की काढीन. विधवा बाई, घरात पुरुष नाही, आणि मागे बंदिस्त आडोसा, लोकांच्या डोक्यात नको ते यायला लागलं. तेव्हा आपल्याकडे दारूबंदी होती आणि गोव्यात अजून पोर्तुगीज. काकीचा नवरा त्या बाजूने येणारा. झापाआड काय असणार हे मग वाडीने आपसात ठरवूनच टाकलं. विहिरीवर बायका मला बघून बोलायच्या थांबत. तू त्यांच्यावर संशय घ्यायचीस, त्या तुझ्यावर, आणि मी कळशी घेऊन मध्ये उभी.

मग एक दिवस शाळेतून येताना आबांनी मला पिंपळाखाली थांबवलं. सतरंजीवरची भाषा नव्हती. खाली वाकून, अगदी मायेने विचारलं, "तुझ्या आवशीन झाप कित्याक काढूक नाय, गो बाय?" मी घराची वाट धरू लागले. ते म्हणाले, "थंय सोरो लपवलेलो आसा म्हणतत. उद्या पोलीस येतले. आवशीक धरून नेतले, काकीकय नेतले. माका खरां काय तां सांग, मी तेंका येऊक देवचंय नाय." मला एवढंच दिसलं की पोलीस तुला मोटारीत बसवून मालवणला नेतायत आणि मी दारात उभी आहे. बाबा गेले तेव्हाही मी दारातच उभी होते. मी म्हटलं, "सोरो नाय, आबानू. संडास आसा. माझ्यासाठी केलेलो."

आबा सरळ उभे राहिले. "जा घराक," म्हणाले. पोलीस आले नाहीत, त्यांनी शब्द पाळला. चार दिवसांनी नोटीस आली.

तुला वाचता येत नव्हतं, आणि वाचणाऱ्यावर तुझा विश्वास नसायचा. कोणताही कागद तू दोनदा वाचून घ्यायचीस, दुसऱ्यांदा ओळींवर बोट फिरवत, म्हणजे पहिल्या वेळी काही गाळलं असेल तर कळावं. पहिल्या ओळीत तुझं नाव होतं. दुसऱ्या ओळीत होतं, "आपल्याच घरातून मिळालेल्या माहितीवरून." पुढे होतं की विहिरीच्या वरच्या अंगाला केलेला शौचकूप आठ दिवसांत बुजवावा, न बुजवल्यास विहिरीचं पाणी बंद करण्यात येईल. मला वाटतं, शेजारपाजाऱ्यांवर आळ येऊ नये म्हणूनच आबांनी ती ओळ घातली असावी. वाचताना मी ती ओलांडून पुढे गेले. दुसऱ्या वेळी तुझं बोट तिच्यावर थांबलं. "हेच्यात काय आसा?" तू विचारलंस. मी म्हटलं, "मंडळाचां नाव आणि तारीख." तू मान हलवलीस आणि बोट पुढे नेलंस. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईने माझ्यावर तेवढा घेतला नाही. तिथेच मला रडू यायला हवं होतं. मी कागदाची घडी घातली.

तू सरळ गडग्यापाशी गेलीस. काकी अंगण सारवत होती. "तुकाच तेवढां ठावक होतां," तू म्हणालीस. ती उठून उभी राहिली, हात शेणाने भरलेले. "मी सांगूक नाय," म्हणाली. "मगे झापांनी सांगल्यानी?" तू विचारलंस. काकीने तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पडवीच्या खांबामागे होते. मग म्हणाली, "बरां." आणि परत सारवायला बसली. तू खड्डा एकटीने बुजवलास, झाप जाळलेस, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला हलवून उठवलंस आणि आपण पुन्हा काजूच्या रानाकडे निघालो. काकीही आपली निघालेली, वीस पावलं मागे. आठ वर्षं ती वीस पावलं तशीच राहिली.

खरं सांगायचं तर मंडळ बरोबर होतं. पुढे मास्तरीण झाल्यावर मीच मुलांना शिकवलं की जांभ्यातून पाणी कसं पाझरतं आणि विहिरीच्या वर खड्डा का नसावा. पण दोन वर्षांनी आबांची सून मुंबईहून आली तेव्हा उताराच्या खालच्या अंगाला संडास बांधायचा ठराव झाला, आणि पहिला आबांच्याच घरी झाला, हेही खरं. आपली जागा वरच्या अंगाला, आपल्याला काय त्याचं. "बाव तेंची, ठराव तेंचो," तू विहिरीकडे हात करून म्हणालीस, आणि मला त्यात काही खोडून काढता आलं नाही. अजूनही येत नाही. गेल्या वर्षी मी न्हाणीघरात घसरून पडले तेव्हा याच सोसायटीच्या सेक्रेटरीने दार फोडून मला दवाखान्यात नेलं, माझ्याजवळ दिवसभर बसून राहिला. आणि आता तोच जाळी काढ म्हणतो. दोन्ही हात एकाच माणसाचे, हे मला अजून सवयीचं होत नाही.

गोवा मोकळा झाला, त्यानंतर तिसऱ्या वर्षी तू गेलीस. तुला आंघोळ घालायला कोणी बाई पुढे होईना, तेव्हा काकी आली, वाटेने नाही, गडग्यावरून पाय टाकून. तिने पाणी तापवलं, तुझे केस विंचरले, तुला लुगडं नेसवलं. बाहेर माणसं तयारी करत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "फळयेवरची नोटीस मी तेवाच वाचलेलंय, गो." काकी चौथीपर्यंत शिकलेली, नवऱ्याची पत्रं स्वतः वाचायची. नोटिशीची दुसरी प्रत देवळात लागली असेल, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मी विचारलं, "मगे आवशीक सांगलास नाय कित्याक?" तिने तुझ्या कपाळावरचा ओला केस मागे सारला. "तिका ह्या घरात तुझ्याशिवाय दुसरां कोण होतां?" ती म्हणाली.

तीही जाऊन आता खूप वर्षं झाली. जाळी मी काल काढली. ती सोडायला शेजारची मुलगी स्टुलावर चढली होती आणि मी खालून तिचा पाय धरला होता. तक्रार कोणी केली ते सेक्रेटरीला विचारलं नाही. गॅलरीत आता ऊन येतं आणि माझं ताट समोरच्यांना दिसतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. आणि तू असतीस तरी तुला ते वाचता आलं नसतं, मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. तू दोनदा वाचायला लावलं असतंस, दुसऱ्यांदा ओळींवर बोट फिरवत. पिंपळाखालच्या गोष्टीवर तुझं बोट थांबलं असतं आणि तू विचारलं असतंस, हेच्यात काय आसा. आये, मी आजही म्हटलं असतं, तारीख.