आडवे सात

प्रिय देवश्री,

सोमवार, १९ जानेवारी २०२६, संध्याकाळचे पाच वाजून वीस मिनिटं. मराठी मंडळाच्या वाचनालयात बसलोय. इंदूरहून कालचा रविवारचा पेपर आलाय, शब्दकोडं समोर आहे आणि पेन्सिल अजून उचललेली नाही.

कोडं आज ढिसाळ आहे. ‘पाणी साठवण्याचे भांडे, तीन अक्षरी.’ घागर बसते, कळशी बसते, रांजणही बसतो. रचणाऱ्यानं डोकं चालवलं नाही, असं तू म्हणाली असतीस. मग तुझा उभा शब्द यायचा आणि घागर की कळशी ते ठरायचं. तीन वर्षं असंच चाललं. एकट्यानं सगळं कोडं भरायचं नाही, हा वाचनालय सांभाळणाऱ्या कल्पनाकाकूंचा नियम. पाचला भैरवगढच्या कारखान्यातून येऊन आडवे मी भरायचे, सहाला शिकवणी आटोपून उभे तू. अकरावीत शाळा सुटलेल्या, चादरींवर ठप्पे मारणाऱ्या माणसाला कुणी बरोबरीनं घेतलं ते एवढ्या एकाच जागी.

ऑक्टोबरात यज्ञेश्वर नाशिकहून बदली होऊन फ्रीगंजच्या बँकेत आले. दुपारी दोनला, जेवणाच्या सुट्टीत येऊन माझे आडवे भरून जायला लागले. मला त्यांचं सगळं खुपायचं. इस्त्रीचा शर्ट, अक्षरांवर रेघ न देण्याची ऐट, काकू त्यांना विचारून विचारून द्यायच्या तो चहा. तू एकदा म्हणालीस, किती फटाफट भरतात. त्या दिवशी घरी जाऊन मी घड्याळ लावून जुनी कोडी सोडवली. फटाफट जमलं नाही. मी प्रत्येक शब्द तीनदा तपासतो. मग त्यांचं स्थळ तुला आल्याचं आईनं सांगितलं. मी अच्छा है म्हणालो आणि ताटावरून उठलो.

पाच तारखेचं कोडं आठव. आडवे सात, ‘रामाचा भाऊ, कैकेयीचा पुत्र.’ तिथे लक्ष्मण लिहिलेलं होतं. तुझे उभे अडले. आधी तू हसलीस, मग पेन्सिल खाली ठेवून म्हणालीस, “अर्धा प्रश्न वाचून उत्तर देऊन मोकळे. हे माझं तरी पूरं ऐकतील का रे?” पुढच्या रविवारी तुमच्या घरून नकार गेला. काकूंकडून कळलं तेव्हा मी इतका खूश झालो की दुसऱ्या दिवशी एका चादरीची अख्खी किनार वाकडी छापली. सेठनं विचारलं, तबियत ठीक है ना.

तेव्हापासून यज्ञेश्वर इथे येत नाहीत. आजचे सगळे आडवे माझ्यासाठी कोरे आहेत आणि माझ्यानं एकही भरवत नाही. कारण आडवे सातमध्ये त्यांनी भरतच लिहिलं होतं. काकू चहा ठेवायला आत गेल्या तेवढ्यात मी ते खोडलं आणि लक्ष्मण लिहिलं, वर रेघ न देता, त्यांच्यासारखं. उद्या दोनला बँकेत जाऊन त्यांनाही सांगणार आहे. तुला आधी कळावं म्हणून हे पत्र. तू पुन्हा नाही म्हण, नाहीतर हो म्हण. पण जे म्हणशील ते त्यांना म्हण, मी लिहिलेल्या शब्दाला नको.

आजपर्यंत तरी तुझाच,
सुमीत