दर रविवारी गरम होणारे चार टायर

मी, रसिका दीनानाथ खांबेटे, वय एकोणीस पूर्ण, धंदा घरी साड्यांना फॉल-पिको करणे, राहणार सेक्टर चार, आर. के. पुरम, नवी दिल्ली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कुणी धमकावलेलं नाही, कुणी फूस लावलेली नाही, मला ताप नाही. ताप नाही हे कौशल्याकाकूंनी घालायला सांगितलं. त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, कोर्टात टायपिस्ट होत्या. सुरुवात त्यांनी सांगितली, पुढचं माझं आहे. मला चार माणसांत बोलता येत नाही. लिहिता येतं. दहावीची परीक्षा दिली नाही तरी अक्षर चांगलं आहे.

एक. घर सरकारचं आहे. बाबा गेल्यावर आईला त्यांच्याच ऑफिसात लावून घेतलं म्हणून क्वार्टर राहिलं. ते मी कुणाला देऊ शकत नाही.

दोन. शिलाई मशीन आईला, म्हणजे चंद्रप्रभा दीनानाथ खांबेटे यांना. पोस्टाचं पासबुक माझ्या भावाला, अनिशला. तो बारा वर्षांचा आहे. अठरा होईपर्यंत आईने सांभाळावं. तो क्रिकेटच्या किटसाठी रडेल, बिल्कुल देऊ नये.

तीन. सूर्यकांतमामांना काही नाही. बाबांच्या तेराव्याला जेवून हात धुताना ते आईला म्हणाले, "ताई, गाडीचे टायर दिवाळीत टाकलेले, एकदम नवे आहेत गं. उभे राहून वाया जातील. मी लावतो माझ्या गाडीला, चलो." आई म्हणाली, "त्यांना लागतील." मामांना वाटलं, दुःखात काहीतरी बोलते आहे. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

चार. गाडी आता आईच्या नावावर आहे, म्हणून तीही माझी नाही. पण चार वर्षं तिचे टायर मी सांभाळले, तर त्यांच्याबद्दल सांगायचा हक्क मला आहे असं मी समजते.

बाबा १३ फेब्रुवारी १९९४ ला, रविवारी सकाळी दहा वाजता, प्लॉट बघायला गेले. जयपूर रोडवर, मानेसरच्या अलीकडे, नवी कॉलनी होणार होती. तिथे त्यांनी प्लॉट बुक केला होता, पण अजून पाहिला नव्हता. ते तिथे पोचलेच नाहीत. गाडी एका कच्च्या रस्त्याच्या कडेला मिळाली. हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, बाबा स्टिअरिंगमागे सरळ बसलेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

मी शाळा सोडली ती तेव्हाच. आई ऑफिसला जाणार, अनिश आठ वर्षांचा, घरी कुणीतरी हवं होतं. गाडी खाली उभी राहिली, तिच्यावर कव्हर घातलं. आई म्हणाली, "रसिका, टायरकडे तेवढं बघत जा."

मार्केटमध्ये हरीशभैयांचं पंक्चरचं दुकान आहे. त्यांनी मला शिकवलं. उभी गाडी दर आठवड्याला हातभर पुढे-मागे ढकलायची, नाहीतर टायर एकाच जागी दबून चपटा होतो. हवा गेजवर सव्वीस, आणि बघायची ती सकाळी, टायर थंड असताना; गाडी चालून टायर गरम झाला की आकडा वाढतो. टायर काळेभोर दिसावेत म्हणून तेल लावायचं नाही, त्याने रबर खराब होतं. खाचेत अडकलेले खडे स्क्रू-ड्रायव्हरने काढायचे. टायर झिजला नाही तरी पाच-सहा वर्षांत बाजूने बारीक चिरा पडतात, मग तो संपला. किती झिजलाय ते बघायला खाचेत काडेपेटीची काडी उभी करायची आणि पेनने खूण करायची. मी दर महिन्याला एक काडी ठेवली. सगळ्या काड्या डब्यात आहेत, तारखेसकट. कुणाला खोटं वाटलं तर त्यांनी त्या ओळीने लावून बघाव्यात.

कारण खुणा खाली येत गेल्या आहेत. हातभर ढकललेल्या गाडीचे टायर इतके झिजत नाहीत.

आधी खडे दिसले. दर सोमवारी खाचेत खडे. पहिल्या वर्षी साधे काळे, रस्त्यावरचे. मग लाल माती. मग उन्हात चमचम करणारे पांढरे दगड. आमच्या कॉलनीत असे दगड नाहीत. मी ते हरीशभैयांना दाखवले. त्यांचं गाव मानेसरच्या बाजूचं. ते हसले आणि म्हणाले, "अरे, ये तो हमारे उधर की रोड़ी है. गाँव घूम आई क्या, बिटिया?"

मला वाटलं कुणी गाडी पळवून नेतं. मी टायरवर आणि खाली जमिनीवर खडूची एक रेघ ओढली आणि रविवारी दिवसभर जिन्यात बसून राहिले. गाडी हलली नाही. कव्हरची नाडीसुद्धा हलली नाही. दुपारी एक वाजता कव्हर वर केलं. रेघ जुळलेली होती. खाचेत लाल माती होती, ओली. जानेवारीचा महिना, धुकं अजून गेलेलं नव्हतं, आणि टायरला हात लावला तर टायर गरम. बोनेट गार. फक्त टायर गरम.

हरीशभैयांना घेऊन आले. त्यांनी गेज लावलं, तीस दाखवलं. "हवा ठंडे में चेक करते हैं, कितनी बार बोला है? अभी कहाँ से आ रही है गाड़ी?" मी कव्हरकडे बोट दाखवलं. त्यांनी कव्हरकडे पाहिलं, त्याच्यावर धूळ होती, कबुतरांची घाण होती. त्यांनी टायरवर परत हात ठेवला. मग गेज खिशात टाकलं आणि पैसे न घेता गेले.

आईला माहीत आहे. मागच्या वर्षी चहा गाळताना म्हणाली, "टायर गुळगुळीत व्हायला आले. चारही बदलून टाकू."

मी म्हटलं, "आई, आपली गाडी कुठे जाते?"

ती म्हणाली, "जाते ना." आणि माझ्यासमोर कप ठेवला.

पाच. हे अनिशने मोठा झाल्यावर वाचावं.

गेल्या ऑगस्टमध्ये मी हरीशभैयांना सांगून गाडी विटांवर चढवली. चारही टायर जमिनीपासून वर. त्या रविवारी टायर थंड राहिले. हवा सव्वीस. मी खूश झाले, घरी येऊन शिरा केला. अनिश सकाळी दहाला परत झोपला होता, तो पाच वाजता उठला. शिरा खाल्ला नाही. म्हणाला, "ताई, पाय दुखतात. बाबा किती फास्ट चालतात यार. मागे वळून बघतच नाहीत."

मी त्याचे शाळेचे बूट बघितले. जुलैत घेतलेले. टाचा झिजून तिरक्या झाल्या होत्या आणि तळाला ते पांढरे दगड बसले होते. मी एकेक दगड काढला. सतरा निघाले. त्याच संध्याकाळी भैयांना बोलावून विटा काढल्या.

म्हणून टायर संपले तर काय होईल ते मला माहीत आहे. डब्यातल्या काड्यांवरून माझा हिशोब असा की होळीपर्यंत चालतील. नवे टाकले तर पाच-सहा वर्षं ढकलली जातील, बस. तेव्हा अनिश अठराचा असेल आणि स्वतःच चावी मागेल. ते मला नको आहे.

सहा. आता जे कुणाला सांगितलं नाही ते.

बाबांना प्लॉट का सापडला नाही? कॉलनीचा नकाशा त्यांच्याकडे नव्हता. त्या सकाळी त्यांनी कपाट उपसलं, गादी उलटी केली, आईवर ओरडले. "टेबलावरच ठेवला होता मी! या घरात एक कागद जागेवर राहत नाही!" शेवटी म्हणाले, "जाने दो, विचारत जाईन." नकाशा जाड, गुळगुळीत कागदाचा होता. त्याच्या आठ दिवस आधी मी तो उलटा करून माझ्या भूगोलाच्या वहीला कव्हर घातलं होतं. मला वाटलं होतं, जाहिरातीचा कागद आहे. ते शोधत होते तेव्हा वही माझ्या मांडीवर होती. बाबा चिडलेले होते. माझी जीभ उचलली नाही. ते गेले. गाडी मिळाली तिथल्या चहावाल्याने नंतर सांगितलं, साहेब तीन वेळा येऊन रस्ता विचारून गेले.

तिथे तेव्हा रस्तेच नव्हते. नुसत्या पांढऱ्या चुन्याच्या रेघा होत्या. ते अजून विचारत असणार.

सात. म्हणून आज मी बाबांबरोबर जाते आहे. मला गाडी चालवता येत नाही, चालवायचीही नाही. मी मागच्या सीटवर बसणार आहे, नेहमी बसायचे तिथे. भूगोलाच्या वहीचं कव्हर काढून बरोबर घेतलं आहे. नऊ वाजता हवा बघितली. चारही टायर थंड, सव्वीस.

दुपारी एक वाजता कव्हर वर करावं. मी आत असले तर हा कागद फाडून टाकावा आणि मला चहा द्यावा. नसले तर आईने पोलिसांत कुणाचं नाव घालू नये, माझ्या मर्जीने गेले आहे. पुढचे दोन रविवार कौशल्याकाकूंनी टायरला हात लावून बघावा. थंड असतील तर बाबा पोचले. मग चारही टायर काढून हरीशभैयांनी ते करवतीने कापावेत. भंगारात द्यायचे नाहीत, नवं रबर चढवायला तर मुळीच नाहीत, ते मग दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागतील. आई, नवे टाकू नकोस. तुझ्या पाया पडते. प्लॉट विक किंवा ठेव, पण अनिशला तिथे नेऊ नकोस.

जॅक, पाना आणि हवेचं गेज हरीशभैयांना द्यायचं मनात होतं, पण साक्षीदाराला काही देता येत नाही असं काकू म्हणाल्या. भैयांना विचारलं, सही करू नका, सामान घ्या. ते म्हणाले, "पागल है क्या? वसीयत बुड्ढे लोग लिखते हैं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "दे, कहाँ साइन करना है." सामान आईने ठेवावं.

आठ. साक्षीदारांनी कागद वाचलेला नाही, वाचायचा नसतो. दोघं गाडीबाहेर उभे आहेत आणि खिडकीतून मला बघत आहेत. काकू म्हणताहेत, "अगं बाहेर ये, आत कसली सही करतेस, गुदमरशील." दहाला पाच मिनिटं आहेत. सह्या झाल्या की हा कागद घडी करून काकूंकडे देणार आहे, एक वाजता उघडा म्हणून, आणि त्यांना कव्हर घालायला सांगणार आहे.

पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाला ऐकू जाईल असं मला आज बोलावं लागेल. डावीकडे, उजवीकडे, सगळं. ते मी नकाशावर पाठ केलं आहे. पण त्याच्या आधी एक वाक्य आहे, ते कालपासून न्हाणीघरात दार लावून मोठ्याने म्हणून बघते आहे. बाबा, नकाशा माझ्याकडे होता.

हे मी समजून-उमजून लिहिलं आणि दोघांच्या देखत सही केली.

रसिका दीनानाथ खांबेटे

साक्षीदार:
१. सौ. कौशल्या नाबर, आर. के. पुरम
२. हरीश यादव, टायर-पंक्चर, सेक्टर चार मार्केट (सही हिंदीत)

नवी दिल्ली, रविवार, १८ जानेवारी १९९८, सकाळ